चौकावरची काच

चि. सई हिस,


तुझं पत्र आणि वाड्याचा नकाशा दोन्ही मिळालं. तू विचारलंस ते एवढंच, की घरच्या मंडळींना द्यायच्या टिपणात ‘स्कायलाइट’साठी मराठी शब्द कोणता घालू. पण उत्तराची वाट न पाहता पुढे तूच लिहून टाकलंस, ‘काचेचं छप्पर म्हटलं तरी चालेल, शेवटी एकच ना!’ हे ‘एकच ना’ मला चांगलंच झोंबलं. एकच नाही, बयो. चौकावर तू जी सपाट, आरपार दिसणारी काच मांडली आहेस, तिचं मूळ या ‘एकच ना’मध्येच आहे असा माझा दाट संशय आहे. त्यामुळे शब्द विचारलास तरी उत्तर छपरापर्यंत जाणार. तुझे बाबा म्हणतील, हिचं पूर्वरंगातच उजाडतं. म्हणू देत.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘स्कायलाइट’ हा शब्द इंग्रजीत दिसू लागला, तेव्हा त्याचा अर्थ आकाशाचा उजेड एवढाच होता. छपरातली खिडकी हा अर्थ त्याला चिकटला तो थोड्याच वर्षांनी. चिकटायला वावही होता, कारण इंग्रजीत खिडकीलाही ‘लाइट’च म्हणतात. लंडनमध्ये जुन्या खिडक्यांखाली ‘एन्शंट लाइट्स’ अशा पाट्या असत. शेजाऱ्याने भिंत चढवून आमचा उजेड अडवू नये, हा त्यांचा इशारा. (तोच हक्क, वीस वर्षांच्या अखंड वापराच्या अटीसह, आपल्याकडे १८८२च्या ईझमेंट्स ॲक्टात आला. तुमच्या शेजारचा नवा मजला चढतो आहे म्हणतेस, तेव्हा हेही वकिलाला विचारून ठेव.) पुढे हा शब्द कुठे कुठे गेला पाहा. गलबतांच्या डेकवर, खालच्या दालनाला उजेड आणि वारा मिळावा म्हणून बसवलेल्या काचेच्या झडपा म्हणजे स्कायलाइट. फोटोग्राफरच्या पेटीत एक फिकट गुलाबी फिल्टर असे, त्याचंही नाव हेच. सावलीतल्या फोटोवर आकाशाची जी निळसर झाक चढते ती तो मारत असे. आर्क्टिकच्या बर्फाखालून जाणाऱ्या पाणबुडीवाल्यांना डोक्यावरच्या काळ्या बर्फात मध्येच पातळ, उजळ पट्टे दिसतात, तेही स्कायलाइट. जागतिक हवामान संघटनेच्या परिभाषेत त्याची रीतसर व्याख्या आहे, आणि १२० मीटर किंवा त्याहून मोठा पट्टा असला तर पाणबुडीला वर यायचा प्रयत्न करता येतो असंही त्यात गृहीत आहे. लाव्हाच्या भुयाराचं छत कोसळून पडलेल्या भोकालाही भूशास्त्रज्ञ हेच म्हणतात. जपानच्या ‘कागुया’ यानाच्या चित्रांवरून २००९मध्ये चंद्रावर मारियस टेकड्यांमध्ये असं सुमारे ६५ मीटर रुंदीचं भोक सापडल्याचं जाहीर झालं.

आता तू म्हणशील, मग मावशी, शब्द कधीच भोकाकडे सरकला की. हवाईतल्या लाव्हाच्या स्कायलाइटमध्ये तर रात्री खालचा लाल उजेड वर येतो, तिथे आकाशाचा संबंधच काय? आक्षेप बरोबर आहे, आणि भाषेपुरता मी तो मान्य करते. पण लाव्हाच्या भुयाराखाली कोणी गाद्या घालत नाही. ज्यांना छपराखाली माणसं बसवायची आहेत आणि त्यासाठी उजेड मोजायचा आहे, त्यांनी पहिला अर्थ कधी सोडलेलाच नाही. त्यांच्या हिशेबात दिवसाचा उजेड दोन वाट्यांनी येतो. सूर्याकडून थेट येतो ते ऊन. हवेतल्या रेणूंवर विकिरण होऊन साऱ्या आभाळातून झिरपतो तो स्कायलाइट. लॉर्ड रॅलेने १८७१मध्ये या दुसऱ्या वाट्याचं गणित मांडलं: तरंगलांबी जितकी कमी तितकं विकिरण जास्त, तेही चौथ्या घाताच्या प्रमाणात, म्हणून निळा उजेड तांबड्यापेक्षा पाच-सहापट विखुरतो. भर दुपारचं ऊन लाखभर लक्सच्या घरात जातं. निव्वळ निळ्या आभाळाचा उजेड त्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्शाएवढा. तेवढा भरपूर होतो. घरातल्या उजेडासाठी आपलं जे भारतीय मानक आहे, आयएस २४४०, ते आकाशाकडून बाहेर ८,००० लक्स मिळतात एवढंच धरून खिडक्यांचा हिशेब करतं आणि थेट ऊन त्यातून वगळतं. हे मानक तुम्हाला अभ्यासक्रमात असणार. परीक्षेपुरतं वाचलंस का?

मुद्दा इथे आहे. छपरातल्या उघड्या जागेतून आकाश आत घ्यायचं असतं, सूर्य नव्हे. विलायतेत हे वेगळं सांगावं लागलं नाही. लँकेशायर सुमारे ५३ अंशांवर. तिथे जूनमध्येसुद्धा दुपारचा सूर्य साठ अंशांच्या आसपास, आणि दक्षिणेलाच. विणकामाच्या शेडना करवतीच्या दात्यांसारखी छपरं घालून काच उत्तरेकडे ठेवली की दिवसभर बिनउन्हाचा एकसारखा उजेड, धागा न् धागा दिसतो. तीच ‘नॉर्थ लाइट’ छपरं गिरणगावात आली. पण मुंबई १९ अंशांवर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत इथला दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, म्हणजे त्या तिरप्या काचांतून तो आत डोकावतोच; जूनपासून ढग येतात म्हणून निभावतं, एवढंच. तुझा वाडा साताऱ्याचा, सतरा-अठरा अंशांवरचा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि काठीची सावली काठीच्या पायाशी जमते. ऐन उन्हाळा, निरभ्र आभाळ, सरळ वरून ऊन, आणि खाली तुझी सपाट काच. वर्षातल्या सगळ्यात वाईट वेळी सगळ्यात जास्त ऊन घेईल असं छप्पर कोणी मुद्दाम मागितलं असतं, तर त्याला हाच नकाशा द्यावा लागला असता.

तुझे सहकारी जुन्या घरांचा दाखला देतील हे मला ठाऊक आहे. माळवदाला साणं असे, कोकणात कौलांमध्ये एखादं काचेचं कौल असे, त्यातून ऊनच तर आत पडायचं! पडायचं, पण केवढं? एका कौलाएवढा कवडसा, तोही सरकत भिंतीवर जाणारा. त्या उन्हाने माजघर तापत नसे. शिवाय साण्यातून चुलीचा धूर आणि तापलेली हवा बाहेर जाई. उजेड हा त्याचा निम्माच धंदा होता. वाड्याचा चौक तर उघडाच. दिवसा तापलेल्या भिंती रात्री आपली ऊब मोकळ्या आभाळाकडे सोडून देत. तू त्यावर काच घातलीस की ऊन आत येणार, फरशी तापणार, आणि त्या फरशीची उष्णता काचेतून परत जाणार नाही, कारण ती ऊब काच अडवते. वर हवेलाही वाट नाही. उजेडाच्या नावाखाली तू चौकाची भट्टी करते आहेस. रंगीत किंवा उष्णता अडवणारी काच घालू, हे तुझं पुढचं उत्तर असेल. ती घातल्याने ऊन कमी होईल, थांबणार नाही; आणि मेसाठी घातलेला तो गडदपणा जुलैतही तिथेच राहील. पूर्ण ढगाळ आभाळात माथ्यावरचा भाग क्षितिजापेक्षा तिप्पट उजळ असतो. म्हणजे आपल्याकडे छपरातली खिडकी खरी उपयोगी पडते ती पावसाळ्याच्या अंधारात, आणि नेमका तेव्हाच तू तिचा डोळा मिटणार.

मग करावं काय? चौकावरचं छप्पर खांबांवर पुरुषभर उचल. वर साधं, बंद, कौलारू ठेव. काच फक्त उत्तरेच्या बाजूला, उभी. तिच्यावर वळचण थोडी पुढे काढलीस तरी जूनचा दुपारचा सूर्य अडतो. सकाळ-संध्याकाळी आडवं ऊन ईशान्य-वायव्येकडून येतं, त्याला उभ्या फळ्या लाव. बाकी तीन बाजूंना वारा जाईल अशा झडपा. उजेड कमी पडेल म्हणतेस? भिंतींना चुना दे आणि मोजून बघ. खर्च वाढेल हे मात्र खरं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. शब्दाचं म्हणशील तर ‘स्कायलाइट’च राहू दे, वाड्यातल्या सगळ्यांना तो कळतो. फक्त त्याखाली ‘यातून ऊन येणार नाही’ अशी एक ओळ लिही, आणि ती लिहिण्याआधी नकाशा बदल.

एवढं रागावण्याचं कारण खरं तर उजेड नाहीच. नकाशात वहिनींची झोपायची खोली चौकाला लागून आहे, आणि तिची खिडकी चौकातच उघडते. त्या आता दुपारच्या बाहेर पडत नाहीत. तापलेल्या चौकाची हवा सगळी त्यांच्याच उशाशी येणार. तहान लागली तरी हाक मारायच्या नाहीत, हे तुला मी सांगायला नको. आणि ती आडवी काच धुणार कोण? पहिल्या वर्षी तू माणूस लावशील, नंतर शेवाळ आणि पाचोळा दिसला की तुझे काकाच शिडी लावतील. फायबरच्या पत्र्यांवर आणि छपरातल्या काचांवर पाय पडून माणसं खाली गेल्याच्या घटना सगळ्या देशांत होतात, कारण धूळ बसली की मजबूत कुठे आणि तकलादू कुठे हे वरून कळत नाही. काकांना अडवणं तुला जमेल असं मला वाटत नाही. ते शाळेच्या शेडवर चढले तेव्हाही कोणालाच जमलं नव्हतं. म्हणून उभ्या काचेचा माझा हट्ट आहे: ती गॅलरीतून हात पोचेल अशी ठेव.

मिस्त्रींना काम सांगून टाकलं असशील तर चौकापुरतं आज थांबव. नवा नकाशा पाठवशील त्यावर उत्तरेचा बाण काढ, या नकाशावर तो कुठेच नाही. आणि वहिनींची खोली निदान मे येण्याआधी पलीकडच्या सोप्यात हलवता येते का, हे उलटटपाली कळव.

तुझी,
मावशी