हांगझोऊची औषधपेढी

पश्चिम सरोवरातली नौकासहल आटोपली, की हांगझोऊला आलेल्या पर्यटकांची पावले जुन्या हफांग रस्त्याकडे वळतात. चहा, पंखे आणि रेशमाच्या दुकानांजवळच एक भलीमोठी पांढरी भिंत उभी आहे. तिच्यावर माणसाहून उंच काळी अक्षरे आहेत. हीच ‘हू चिंग यू थांग’ ही औषधपेढी. १८७४ साली हू श्वेयान या धनाढ्य सावकाराने ती काढली. पुढे रेशमाच्या सट्ट्यात सावकार बुडाला. पेढी मात्र तगली. आता तिथे संग्रहालयही आहे. औषध बनवण्याची चांदीची कढई आणि सोन्याचे उलथणे पाहायला तिथे गर्दी होते.

आत शिरताच मुळ्यासालींचा उग्र-गोड वास येतो. भिंतभर लाकडी खण आहेत. चिठ्ठी वाचून खण ओढायचा, औषध तोलायचे आणि कागदावर दिवसादिवसाच्या पुड्या पाडायच्या, अशी इथली रीत. ‘अस्सल माल, एकच भाव’ ही पाटी गिऱ्हाइकासाठी आहे. ‘फसवू नका’ ही १८७८ साली मालकाने स्वतः लिहिलेली पाटी मात्र नोकरांकडे तोंड करून टांगलेली आहे. पाहावी ती हीच!

आतड्यातला पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेला मांसल कोंब, दुर्बिणीतून काढून घेतल्यावर चीनमध्ये अनेकजण अशा पेढ्यांच्या वैद्यांकडे जातात. वैद्य जीभ पाहतो, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी बघतो. त्याच्या शास्त्राप्रमाणे पॉलिप म्हणजे साठलेला कफ आणि साकळलेले रक्त. मुळात ‘प्लीहा’ दुबळी. ही प्लीहा म्हणजे पोटातला अवयव नव्हे. आपल्या जठराग्नीच्या जवळची ही कल्पना आहे. तिला बळ यावे म्हणून तांगशेन, बायझू, फूलिंग आणि गानत्साव देतात. गानत्साव तर आपल्या ज्येष्ठमधाचा सख्खा भाऊ! पथ्यही परके वाटत नाही: तांदळाची पातळ पेज, तीत कोनफळाच्या कुळातला कंद आणि लाल बोरे.

सावध राहायचे ते दुसऱ्या खणांपासून. साकळलेले रक्त ‘हलवण्यासाठी’ दानशेन आणि दांगग्वेई दिल्या जातात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनसोबत त्या घेतल्या, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिवाय पॉलिप काढलेली जागा ही ओली जखमच. तिच्यातून दोन आठवड्यांपर्यंत रक्त येऊ शकते. म्हणून वैद्याला पॉलिप काढल्याची तारीख सांगावी आणि ज्या डॉक्टरांनी तो काढला त्यांना काढ्याची चिठ्ठी दाखवावी. ज्येष्ठमधही फार दिवस, फार प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढवतो. शौचातून रक्त, पोटात असह्य कळ किंवा ताप आल्यास पेढीची नव्हे, रुग्णालयाची वाट धरावी.

हल्ली चिनी औषधालये काढा उकळून, पाकिटांत भरूनच देतात. घरी शेगडीशी बसायला नको. पण पॉलिप पुन्हा उगवला की नाही, हे नाडीवरून कळत नाही. दुर्बिणीची पुढची तपासणी कधी करायची, ते पॉलिपची संख्या, आकार आणि प्रयोगशाळेचा अहवाल पाहून डॉक्टर ठरवतात. काढा चालू असला तरी ती तारीख चुकवून चालत नाही.