पंचापुराण

आपल्या वार्षिकात दरवर्षी एक तरी लेख पहिल्या पावसावर असतो, एक आईवर असतो आणि एखादा मृत्यूवर. पंच्यावर कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. ज्याने अंग पुसायचे आणि जे खुंटीला अडकवायचे, त्यावर लिहिण्यासारखे काय आहे, असे मैत्रिणींनीही विचारले. पण मी पडली विणकराच्या घरातली. आमच्याकडे कापडाकडे पाहण्याची नजरच निराळी. कोणी कितीही भारी साडी नेसून येवो, अव्वा, म्हणजे माझी आजी, आधी पदराचा कोपरा चिमटीत धरून पाहते आणि मग माणसाची चौकशी करते.

पाच हात लांबीचा म्हणून पंचा, अशी या शब्दाची फोड सांगतात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, सुमारे दीड फूट. म्हणजे पंचा झाला साडेसात फुटांचा. मुळात तो आखूड धोतरासारखा नेसायचाच. अंग पुसणे हे त्याचे जोडकाम. हल्ली दुकानात पंचा म्हणून जे मिळते ते इतके लांब बहुधा नसते. सूत जाड, पीळ कमी, वीण अगदी साधी, एक धागा वर आणि एक खाली, आणि तीही विरळ. कापडशास्त्रात याला हलके कापड म्हणतील. पण सारी गंमत या विरळपणातच आहे. धाग्याधाग्यांत जागा मोकळी असल्यामुळे तो पाणी चटकन घेतो आणि तितक्याच चटकन सोडून देतो. मात्र कोरा पंचा पाणी घेत नाही. त्याच्या सुताला खळ असते. पाण्याचे थेंब वरून ओघळून जातात. पाचसहा वेळा धुऊन पिळल्यावर तो "पाणी प्यायला लागतो", असा आमच्याकडे शब्द आहे. तोवर नव्या सुनेसारखा अवघडलेला असतो.

इंग्रजीच्या तासाला एकदा ‘हकबॅक’ असा विचित्र शब्द आला. मॅडमनी सांगितले की ते इंग्लंड-आयर्लंडकडचे टॉवेलाचे जाडेभरडे कापड. अळशीच्या, म्हणजे आपल्या जवसाच्या झाडापासून निघणाऱ्या धाग्याचे. वीण अशी खडबडीत ठेवलेली की ठिकठिकाणी धागे मोकळे उठून राहतात आणि पाणी टिपतात. तिकडे हात पुसायला तेच आणि काचेची भांडी कोरडी करायलाही तेच, कारण त्याचा पुंजका सुटत नाही. वर्गात कोणाला फारसा रस वाटला नाही, पण मी मात्र खूश झाले. आपण जवसाची चटणी करून भाकरीशी खाल्ली आणि त्या लोकांनी त्याच झाडाचे पंचे विणले! दोन्हीकडच्या बायकांना कळले होते ते एकच: टिपायचे असेल तर कापड गुळगुळीत असून चालत नाही.

आता सोलापूरचे. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी निघाली. तिला आजही जुनी गिरणी म्हणतात. त्या काळात आणि पुढेही तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे इकडे आली. आमचे त्यातलेच एक. म्हणून घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि कॉलेजात वेळेवर जे सुचेल ते. टॉवेलाला तेलुगूत ‘तुवालु’ म्हणतात, कोकणीत ‘तुवालो’, आणि दोन्ही मूळ पोर्तुगीज ‘तोआल्या’पासून आले. इतका प्रवास करून आलेला शब्द आमच्या बोळात रोज शंभरदा उच्चारला जातो. कारण माझे वडील, आमचे नायना, टर्किश टॉवेलाच्या मागावर काम करतात.

टर्किश टॉवेल विणताना पाहिला नसेल तर जरूर पाहावा. त्याच्या मागाला ताण्याचे दोन बीम असतात, एक घट्ट आणि एक सैल. फणी दोन आडवे धागे जरा मागे सोडते आणि तिसरा आला की तिन्ही मिळून एकदम पुढे ठोकते. त्या धक्क्यासरशी सैल ताण्याचे वेढे दोन्ही बाजूंना उभे राहतात. तीच ती मऊ लव. सोलापूरच्या चादरीबरोबर इथल्या टर्किश टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण दिवसभर असे टॉवेल विणून नायना घरी येतात आणि अंग पुसतात ते पंच्याने. मी एकदा कारण विचारले. म्हणाले, "ते वाळायला दिवस लागतो. पावसाळ्यात वास येतो. आणि धुवायचं कोणी? तुझ्या अम्मानं?" ओला टर्किश टॉवेल दगडावर आपटून पाहावा म्हणजे त्या तीन प्रश्नांतले शेवटले नीट कळेल.

पंच्याची खरी सत्ता स्वयंपाकघरात. पाडव्याच्या आदल्या रात्री दही त्यातच बांधून खुंटीला टांगायचे. सकाळी खालच्या पातेल्यात निवळी आणि वर घट्ट चक्का. टर्किश टॉवेलात दही बांधून पाहा! मटकी भिजवून उपसली की ओल्या पंच्यात गच्च बांधून ठेवायची; मोड एका रात्रीत, आणि तेही कापडातून बाहेर डोकावणारे. चैत्रात कुरडयांसाठी गव्हाचा चीक गाळायचा तो यातूनच. भाकऱ्या यात गुंडाळल्या तर त्यांना घाम सुटत नाही. माझ्या लहानपणी नळाला पाणी चार-चार दिवसांनी यायचे, तेव्हा तोटीला पंच्याचा तुकडा बांधलेला असे आणि त्यावर जो गाळ जमे तो पाहून पाणी पिण्याची इच्छा उडे. उन्हाळ्यात माठाभोवती ओला पंचा, तापात कपाळावर ओला पंचा, मोच आली की तव्यावर गरम केलेला पंचा. डोक्यावर ओझे घेणाऱ्याची चुंबळ हीच. आणि आषाढात वारीला जाणारे लोक तर धुतलेला पंचा खांद्यावर पसरून चालू लागतात. पुढच्या विसाव्यापर्यंत तो वाळलेला असतो.

शिवाय तो एका जन्मात संपत नाही. अंग पुसून पुसून मध्ये विरला की त्याचे फडके होते. फडके काळवंडले की मसोते. चुलीवरचे, आता गॅसवरचे, भांडे उतरायला. मसोते जळून भोके पडली की पोतेरे. यात एक मुक्काम असा आहे की ज्याचे नाव घरात कोणी मोठ्याने घेत नसे. चांगले मऊ झालेले दोन-चार तुकडे अव्वा वेगळे काढून पेटीच्या तळाशी ठेवी. ते घरातल्या बायकांच्या चार दिवसांसाठी. ते धुऊन कुठे वाळत घालायचे, तर दुसऱ्या कपड्याखाली झाकून, जिथे ऊन पोहोचत नाही तिथे. जे कापड उन्हात वाळते म्हणून गुणाचे, ते बायकांच्या कामी आले की अंधारात वाळवायचे, हे मला कधी पटले नाही. आम्ही बहिणी आता दुकानातल्या वस्तू वापरतो; अम्माच्या पिढीपर्यंत हेच चालले. मराठीच्या सरांनी हा परिच्छेद ठेवावा अशी विनंती आहे.

पंच्याला मोठेपण मिळाले ते एकदाच. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधीजींनी सदरा-टोपी सोडून आखूड पंचा नेसायला सुरुवात केली. परदेशी कापड टाकून द्या म्हणावे तर गरीब माणसे म्हणत, खादी आम्हांला परवडत नाही. त्यावर त्यांनी स्वतःचेच कापड कमी केले. इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ असते. पुस्तकात विणकराची मजुरी मात्र नसते. पंच्याचे गणित विणणाऱ्याच्या बाजूने फार वाईट आहे. साडीत नक्षी दाखवून दोन पैसे जास्त मागता येतात. पंच्यात दाखवायचे काय? तो जितका साधा तितका कामाचा, आणि जितका साधा तितका स्वस्त. १९८५ साली केंद्र सरकारने कायदा करून काही ठरावीक प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवण्याची सोय केली. त्या यादीत गमछा आणि अंगवस्त्रही आले. माझे आजोबा, आमचे ताता, त्या वेळी घरच्या खड्डामागावर पंचे विणत असत. ते सांगत, कायदा झाल्याचे त्यांना व्यापाऱ्याकडूनच कळले, आणि त्याच व्यापाऱ्याच्या गादीवर यंत्रमागावरच्या पंच्यांची थप्पी होती.

मी जन्मण्यापूर्वीच ताताचा माग मोडला. लाकूड गेले, खड्डा बुजवून त्यावर फरशी घातली. आमचा कॉट आता तिथे आहे. फणी आणि धोटा एवढे उरले. पुढे तेही यंत्रमागाच्या शेडमध्ये कामाला गेले. शेडमध्ये हवेत सुताचा पुंजका सतत उडत असतो. पापण्यांवर, केसांत, नाकात बसतो. नाकातोंडाला पंचा बांधून ते बारा-बारा तास उभे राहत. तरी खोकला लागलाच. रात्री तो बोळाच्या टोकापर्यंत ऐकू जाई.

२४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला आणि सोलापुरातले माग थांबले. इतकी शांतता आमच्या गल्लीने कधी ऐकली नव्हती. साऱ्या जगाने नाकातोंडाला कापड बांधले तेव्हा ताता म्हणाले, "आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं, तरी जन्मभर बांधलं." अम्माने जुन्या पंच्याच्या तीन-तीन घड्या करून मुखपट्ट्या शिवल्या. काही विकल्या, बऱ्याच वाटल्या. मजुरी बंद होती. भाजीवाल्याने चार पट्ट्या घेऊन कांदे दिले ते मला चांगले आठवते.

ताता २०२१ च्या पावसाळ्यात गेले, त्या खोकल्यानेच. त्यांच्या अखेरच्या ताण्यातले दोन पंचे अव्वाने पेटीत जपून ठेवले होते. ताता त्यावरून तिला चिडवत. म्हणत, कापड वापरून जितकं फाटत नाही तितकं घडीवर विरतं. त्या दिवशी काकांनी बाजारातून कोरे कापड आणले होते. अव्वा म्हणाली, "त्यांच्या हातचं आहे, ते घाला." पेटी उघडून वरचा पंचा उलगडला तर तो मधल्या घडीवर सरळ चिरत गेला. काही वेळ कोणी बोलले नाही. मग तिने दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून तेच पांघरायला लावले आणि काकांचे कापड बाजूला केले.

दुसरा पंचा तिने तेरावा झाल्यावर वापरात काढला. तो आता मटकी बांधायला आणि चक्क्याला असतो. रात्री धुऊन ती त्याची घडी घालते, पण रोज निराळ्या ठिकाणी. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी तो हाताने मोजून पाहिला. धुऊन धुऊन आटला आहे. साडेचार हात भरला.