आमच्या रानाचें नांव

एटापल्लीस राहतों असें सांगितलें कीं पुण्या-नागपुराकडील आप्तेष्ट पहिला प्रश्न वाघाचा करतात आणि दुसरा तापाचा. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. श्वापदें आणि हिंवताप यांपलीकडे या रानांत सांगण्याजोगें कांहीं घडलेंच नसावें, अशीच बहुतेकांची समजूत दिसते. या भागांतील शाळांतून तीस वर्षांहून अधिक काळ मराठी आणि संस्कृत शिकविल्यावर मला मात्र असें म्हणावयाचें आहे कीं, पृथ्वीच्या पाठीवर ज्या एका देशी नांवाचा अपूर्व दिग्विजय झाला, तें नांव आमच्या या रानाचें आहे. आणि आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून तें फारच थोड्यांस ठाऊक असतें.

आधीं गांवाच्याच नांवाची गोष्ट सांगतों. 'पल्ली' हें शेपूट ऐकून पुष्कळ मंडळी हा भाग महाराष्ट्रांत आहे कीं तेलंगणांत, अशी शंका काढतात. सोमदेवाचा कथासरित्सागर ज्यांनीं मुळांतून वाचला आहे त्यांस ही शंका येऊं नये. त्यांत भिल्लांच्या अरण्यांतील वस्तीस पल्ली हाच शब्द आलेला आहे. शब्द मूळचा द्राविड भाषांतील, असें भाषापंडितांचें मत आहे; पण अकराव्या शतकांत काश्मीरच्या पंडितानें तो निःसंकोच आपल्या काव्यांत घेतला. एटापल्ली, आलापल्ली, मोलमपल्ली अशीं नांवें उच्चारतांना नाक मुरडणारांनीं तेवढें लक्षांत ठेवावें म्हणजे झालें.

आतां मोठ्या नांवाकडे वळूं. गढा-मंडला, देवगड, खेरला आणि चांदा या चार ठिकाणीं गोंडांचीं राज्यें होतीं, आणि त्या साऱ्या मुलुखास गोंडवन अथवा गोंडवाना म्हणत. इंग्रजी अमलांत या प्रदेशांतील दगडी कोळशाचा शोध सुरू झाला, तेव्हां कोळशाबरोबर सांपडणाऱ्या खडकांच्या थरांस कांहीं तरी एक नांव देणें भाग पडलें. सरकारी भूगर्भ-पाहणी खात्यांतील हेन्री मेडलिकॉट या गृहस्थानें सन १८७२ मध्यें 'गोंडवाना' हें नांव योजिलें आणि त्याच खात्यांतील फाइस्टमांटेल यानें १८७६ सालीं तें छापून प्रसिद्ध केलें. येथवर गोष्ट साधीच आहे. खडकांस गांवांचीं नांवें देण्याची चाल त्या शास्त्रांत सर्वत्रच आहे.

पुढें नवल घडलें तें व्हिएन्ना शहरांत. तेथील एडुआर्ड सुएस या विद्वानाच्या ध्यानीं आलें कीं, हिंदुस्थानच्या या थरांत एका विशिष्ट वनस्पतीच्या पानांचे ठसे सांपडतात, आणि तसेच ठसे दक्षिण आफ्रिकेंत व ऑस्ट्रेलियांतही सांपडतात. जिभेच्या आकाराचें पान म्हणून या वनस्पतीस ग्रीक भाषेंतील शब्द जोडून 'ग्लॉसॉप्टेरिस' असें नांव दिलें गेलें होतें. मी मुलांस 'जिव्हापर्ण' म्हणून सांगत असें, कारण तें नांव फळ्यावर लिहितांना खडू आणि उच्चारतांना जीभ, दोन्ही मोडावयाची वेळ येई. समुद्रापलीकडील देशांत एकच झाड उगवलें, तर ते देश पूर्वीं एकमेकांस जोडलेले असले पाहिजेत, असा तर्क सुएसनें बांधला आणि त्या आदिम भूखंडास १८८५ सालीं 'गोंडवाना-लँड' हें नांव ठेवलें. मधली जमीन समुद्रांत बुडाली असावी असें त्याचें मत होतें. खंडें बुडालीं नसून परस्परांपासून सरकत दूर गेलीं, हा विचार आल्फ्रेड वेगेनर या जर्मन पंडितानें १९१२ मध्यें मांडला आणि तो मान्य व्हावयास पुढें अर्धशतक लागलें. आज दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण ध्रुवाचें खंड हीं सर्व एकेकाळीं एकत्र होतीं, ही गोष्ट शाळेंतील मूलही शिकतें. आणि त्या सर्वांचें मिळून जें नांव तें आमच्या गोंडांचें.

संस्कृताच्या शिक्षकास येथें थोडें हंसूं आल्यावांचून राहत नाहीं. 'गोंडवन' या नांवांत 'वन' आहेच, म्हणजे प्रदेशाचा बोध त्यांत झालेला आहे. त्याला आणखी 'लँड' म्हणजे भूमि जोडणें हें आपल्या 'पिवळें पीतांबर' अथवा 'विंध्याचल पर्वत' यांच्याच जातीचें झालें. याच कारणास्तव पुष्कळ भूगर्भशास्त्रज्ञ आतां 'लँड' गाळून नुसतें गोंडवाना म्हणतात. पुनरुक्तीचा दोष आमच्या साहित्यशास्त्राच्या ग्रंथांत वाचावा आणि त्याचें उदाहरण व्हिएन्नाहून यावें, हा योग कांहीं नेहमींचा नव्हे.

या जिव्हापर्णाची एक गोष्ट मात्र गंभीर आहे. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन स्कॉट चार सोबत्यांसह १७ जानेवारी १९१२ रोजीं दक्षिण ध्रुवावर पोहोंचला, तों नॉर्वेचा आमुंडसेन त्याच्या आधीं तेथें जाऊन आलेला. परतीच्या वाटेवर बर्फ, उपासमार आणि थकवा यांनीं पांचही जण मरण पावले. नोव्हेंबरांत शोध करणारांस तंबू सांपडला, त्यांत तिघांचे देह होते. त्यांच्या घसरगाडीवर सुमारे ३५ पौंड वजनाचे दगड होते. एकेक पाऊल टाकणें अशक्य झालें असतांही त्यांनीं ते टाकून दिले नव्हते; शेवटपर्यंत ओढीत आणले होते. दगड इंग्लंडास नेऊन तपासले तेव्हां त्यांत ग्लॉसॉप्टेरिसचीं पानें निघालीं. ज्या झाडाच्या रानांपासून आमच्या बल्लारपूर-घुग्गुसचा कोळसा झाला, तेंच झाड आज गवताची काडीही न उगवणाऱ्या ध्रुवप्रदेशांत एकदां डोलत होतें, याचा पुरावा त्या मृतांनीं जगाच्या हातीं दिला. ज्या घरांतून वडीलधाऱ्या बायकांनीं दगडी कोळशाच्या शेगडीवर वर्षानुवर्षें स्वयंपाक केला, त्यांनीं ही हकीकत अवश्य ऐकावी. ती शेगडी पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वींच्या रानावर पेटत होती.

ही कथा मी दरवर्षीं वर्गांत सांगत असें. अभ्यासक्रमाबाहेरची होती, पण परीक्षेपेक्षां ती अधिक उपयोगाची आहे अशी माझी समजूत होती आणि आहे. एके वर्षीं तास संपल्यावर मागच्या बांकावरचा एक माडिया मुलगा जवळ आला. मुलगा फार कमी बोलणारा. म्हणाला, "गुरुजी, हे गोंड म्हणजे आम्हीच का?" मीं होय म्हटलें. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "पण घरीं आम्ही स्वतःला गोंड म्हणत नाहीं. आम्ही कोयतूर."

त्याचें म्हणणें अक्षरशः बरोबर होतें. गोंड हें नांव त्यांना इतरांनीं दिलेलें आहे. आपल्या भाषेंत ते स्वतःस कोयतूर म्हणजे माणसें असें म्हणवितात. सहा खंडांस ज्यांचें नांव मिळालें, त्यांस तें स्वतःचें नांव म्हणून ठाऊकही नसावें, याला काय म्हणावें? पुस्तकांतून त्या मुलाला त्याचें असें जें मिळत होतें तेंही दुसऱ्यानें ठेवलेलें होतें. मीं त्याला म्हटलें, "अरे, आमच्या देशालाही हिंदुस्थान हें नांव सिंधूपलीकडच्या लोकांनींच दिलें." तो हंसला, पण त्याचें समाधान झालें असें मला वाटलें नाहीं, आणि खरें पाहतां होण्याचें कारणही नव्हतें. त्या दिवसापासून गोष्ट सांगतांना मी कोयतूर हा शब्दही फळ्यावर लिहीत असें. गडचिरोलीस २०११ सालीं विद्यापीठ स्थापन झालें त्याचें नांव गोंडवाना विद्यापीठ ठेवण्यांत आलें, हें योग्यच झालें. मात्र त्या नांवाचा हा सारा प्रवास तेथून पदवी घेणारांपैकीं कितीजण सांगूं शकतील?

या लोकांची स्वतःची वाणी कागदावर उतरविली तीही एका दगड गोळा करणारानें, हा आणखी एक योगायोग. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आला. नागपुरांतील हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नांवाचें. धर्मप्रसाराच्या त्याच्या कामाशीं आपणांस येथें कर्तव्य नाहीं. परंतु फावल्या वेळांत तो खाणींतून आणि ओढ्यांतून जीवाश्म वेंचीत असे, आणि ज्या पानांविषयीं वर लिहिलें त्यांचे नागपूरकडील ठसे त्यानेंच विलायतेस पाठविले. तसाच तो परधानांच्या तोंडून गोंडांच्या लिंगोचें दीर्घ गीत उतरून घेत होता. महादेवानें गोंडांना गुहेंत कोंडलें आणि लिंगोनें त्यांस सोडविलें, अशी त्यांत कथा आहे. गोंदिया जिल्ह्यांतील कचारगडास माघी पौर्णिमेला त्या स्मरणार्थ आजही मोठी यात्रा भरते. १८६३ च्या सप्टेंबरांत हिस्लॉप वाटेंतील नाल्याच्या पुरांत बुडून मेला. त्याचीं टिपणें रिचर्ड टेंपलनें १८६६ सालीं छापलीं, म्हणून तें गीत वांचलें.

आतां आमच्या दक्षिणेच्या टोंकाकडे, सिरोंच्याकडे येऊं. तेथें प्राणहितेच्या कांठीं कोटा नांवाचें लहानसें गांव आहे. त्याच्या नांवावरून एका खडकसमूहास जगभर 'कोटा' म्हणतात. याच खडकांत, नदीच्या पलीकडील तीरावर पोचमपल्लीजवळ, १९५८ पासून पुढील तीनचार वर्षांत एका प्रचंड प्राण्याचीं सुमारे तीनशें हाडें निघालीं. १९६१ हें रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीचें वर्ष, म्हणून त्या प्राण्याच्या शास्त्रीय नांवांत त्यांचें नांव गुंफलें गेलें: बारापासॉरस टागोराय. त्यांतील 'बारा पा' हे बंगाली शब्द, अर्थ मोठा पाय. आमच्या मुलांनीं मात्र बारा पाय असलेला प्राणी असाच अर्थ घेतला, आणि एकानें तर वहींत तसें चित्रही काढून दाखविलें. प्राणी चारच पायांचा, लांबी सुमारे १४ मीटर, आणि खाणें निवळ शाकाहारी. त्याचा सांगाडा कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्थेंत उभा आहे. आंकडेमोडीच्या संस्थेंत हाडें कशीं आलीं, तर संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांची दृष्टि विशाल. त्यांनीं लंडनहून पामेला रॉबिन्सन या विदुषीस बोलावून भूगर्भशास्त्राची शाखा उघडली. महालनोबिस हे रवींद्रनाथांचे निकटचे स्नेही होते हें ध्यानांत घेतलें म्हणजे नांवाचा उलगडा आणखी सोपा होतो.

नातवंडांसाठींही एक गोष्ट आहे. मोगलीची चित्रमालिका १९९० नंतरच्या दशकांत दूरदर्शनवर लागत असे, तेव्हां रविवारीं सकाळीं गल्ल्या ओस पडत. किप्लिंगच्या ज्या पुस्तकांवरून ती निघाली तीं १८९४ व १८९५ सालचीं. त्यांतील लांडग्यांची नदी 'वैनगंगा' ही काल्पनिक नव्हे. सिवनी जिल्ह्यांत उगम पावून, भंडाऱ्यावरून, मार्कंड्याच्या देवळांस उत्तरवाहिनी वळसा घालून ती चपराळ्याजवळ वर्धेला मिळते आणि तेथून पुढें प्राणहिता होते. पुस्तकें किप्लिंगनें अमेरिकेंत, हिमवर्षावाच्या मुलुखांत बसून लिहिलीं. सिवनीचें रान त्यानें पाहिलें नव्हतें, स्टर्नडेलसारख्या शिकाऱ्यांच्या लेखनावर त्याची भिस्त होती. न पाहिलेल्या नदीचें नांव त्यानें जगभर केलें, आणि जी नदी आम्ही रोज पाहतों ती तीच, हें आमच्या मुलांस कोणी सांगितलें नव्हतें.

याच प्राणहितेवर आगबोटी चालविण्याचा घाट एकदां घातला गेला होता. गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधणारा आर्थर कॉटन याची ही कल्पना. वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा जलमार्गानें थेट पूर्व समुद्रास न्यावा, असा बेत. वाटेंत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. ते टाळण्यासाठीं बंधारे आणि कालवे यांचीं कामें सुरू झालीं. अमेरिकेंत १८६१ सालीं यादवी युद्ध पेटून तिकडील कापूस बंद झाला, तेव्हां इंग्लंडच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले आणि या बेतास विशेष जोर आला. कांहीं वर्षें सिरोंचा हें स्वतंत्र जिल्ह्याचें मुख्य ठाणें होतें, तें याच भरभराटीच्या आशेवर. परंतु पावसाळ्याखेरीज नदींत पुरेसें पाणी नाहीं, खडक फोडतां फोडतां पैसा संपे, आणि इतक्यांत १८६७ सालीं मुंबईची रेल्वे नागपुरास येऊन पोहोंचली. कापूस पश्चिमेकडे वळला. १८७१ मध्यें काम कायमचें सोडून देण्यांत आलें.

ज्या रेल्वेनें आमच्या आगबोटी बुडविल्या, ती सिरोंच्यास अद्याप आलेली नाहीं. जिल्ह्यांत आगगाडी पाहावयाची तर वडशास जावें लागतें.