काळं ऑइल, पांढरा मुरूम

पुणे-सोलापूर रस्त्यालगतचं ते गॅरेज बंद होऊन चार वर्षं झाली होती. मालकांना जागा विकायची होती आणि घेणारा म्हणत होता, आधी माती तपासा. मी भूशास्त्र शिकून हेच काम करते. एप्रिलमधल्या एका सकाळी माती काढायचं गिरमिट, बर्फाची पेटी आणि काचेच्या बरण्या घेऊन तिथं पोचले.

शेडमधली जमीन डांबरासारखी काळी होती. गाडीखाली उतरून काम करायच्या पिटमध्ये जळक्या ऑइलचा थर साचलेला. सगळा दोष इथलाच, असं मी मनात ठरवूनही टाकलं. पण अर्धा फूट खरवडल्यावर खाली चिकट काळी माती लागली, दिसायला स्वच्छ. वाफ मोजायच्या यंत्राचा आकडाही जागचा हलेना. अर्थात, इंजिन ऑइलची वाफ फारशी होतच नाही. यंत्र गप्प राहिलं म्हणून माती निर्दोष ठरत नाही. तिथले नमुने मी बरणीत भरलेच, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनच्या झिजेतले धातूही असतात.

कुलूप उघडायला आलेले मिस्त्रीमामा पायरीवर बसून हे सगळं बघत होते. पंचवीस वर्षं त्यांनी इथंच पाने फिरवले होते.

"ताई, ऑइल कोण सांडतंय? ते तर शटरिंगवाले डबे भरून न्यायचे. तुम्ही मागं बघा."

"मागं काय आहे?"

"शोषखड्डा. वॉशिंगचं पाणी तिकडंच जायचं. पार्ट धुतलेलं रॉकेलसुद्धा."

मालकांनी दिलेल्या नकाशात शोषखड्डा नव्हता. मामांनी बाभळीपासून बारा पावलं मोजली आणि टाच आपटली. वरचा राडारोडा काढल्यावर विटांचं कडं दिसलं.

"एवढा खोल का खणला, मामा?"

"काळ्या मातीत पाणी जिरंना. सारखं तुंबायचं. मग मुरूम लागेपर्यंत खाली गेलो. त्यानंतर कधी भरला नाही बघा."

मामांच्या आवाजात चांगल्या कामाचा अभिमान होता, आणि माझ्या पोटात गोळा आला. काळी माती भिजली की फुगते आणि पाण्याची वाट अडवते. वरच्या ऑइलला याच मातीने रोखून धरलं होतं. खड्डा मुरमापर्यंत नेल्यावर मात्र ते चार फुटांचं झाकणच निघालं. मुरूम पाणी सोडतो, त्याखालच्या खडकाच्या भेगा ते विहिरींपर्यंत नेतात.

खड्ड्याला लागून गिरमिट घातलं. नऊ फुटांवरून आलेला मुरूम पांढुरका, डाग नसलेला. पण यंत्र जवळ नेताच आकडा चढला. वास तर मलाही आला, आजीच्या स्टोव्हचा.

उताराच्या बाजूला शेजाऱ्यांची विहीर होती. तिचं पाणी बाटलीत काठोकाठ भरलं. आत हवेचा बुडबुडा राहिला तर उडून जाणारे पदार्थ त्यात निसटतात. सगळे नमुने बर्फात ठेवले आणि त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेत पोचवले.

अहवालात शेडखालचा डाग वरच्या एका फुटातच थांबलेला होता. शोषखड्ड्यालगतच्या मुरमात रॉकेलचे अंश सापडले. विहिरीच्या पाण्यात काही आढळलं नाही. मालकांनी सुटकेचा श्वास टाकला. मला तो टाकता आला नाही, कारण उन्हाळ्यातली विहीर एकच गोष्ट सांगते. पावसाळ्यात भूजल वर येतं, मुरमात अडकलेलं त्याला भिडतं आणि पुढं सरकतं.

ही माती भराव म्हणून कुणाच्या प्लॉटवर टाकायची नाही, घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रातच पाठवायची, असं मी अहवालात लिहिलं. जुन्या गॅरेजची जागा घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: जमिनीवरचे डाग मोजण्याआधी तिथल्या जुन्या मिस्त्रीला गाठा आणि धुतलेलं पाणी कुठं जायचं ते विचारा.

विहिरीचं पाणी दिवाळीआधी पुन्हा तपासायचं आहे. तोवर ते पिऊ नका, असं शेजाऱ्यांना सांगून आले आहे.