माथेरानच्या सावलीत

गेल्या मार्गशीर्षात आमच्या वडील भगिनीसह माथेरानास चार दिवस राहण्याचा योग आला. हवापालटासाठी लोक माथेरानास जातात, यात नवल ते काय, असे वाचक म्हणतील. परंतु अक्काच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊन व पुढील औषधे आणि किरणोपचार संपून जेमतेम दोन महिने झाले होते. आणि तीस घराबाहेर न्यावे की नाही, यावरून आमच्या एकत्र कुटुंबात मोठाच वाद माजला होता.

आम्ही स्वतः न नेण्याच्या पक्षाचे होतो, हे कबूल केले पाहिजे. आजारपणात आम्ही तीस फार जपले. इतके की, जिना उतरू दिला नाही, खिडकीही उघडू दिली नाही. भेटीस येणारा प्रत्येक जण पलंगाशी बसून रोगाचीच विचारपूस करी आणि जाताना दारापाशी आमच्याशी हलक्या आवाजात चार शब्द बोले. अखेर धाकट्या सूनबाईंनी डॉक्टरांसच विचारले. ते म्हणाले, "रक्ततपासणी आता ठीक आहे. अवश्य न्या. या आजारानंतर जो थकवा राहतो, त्यावर नुसते पडून राहण्यापेक्षा झेपेल तेवढे चालणे अधिक गुणकारी." मात्र पथ्येही सांगितली. किरण दिलेल्या त्वचेवर ऊन पडू देऊ नये, शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हातास ओरखडा लागू देऊ नये, पाणी उकळलेलेच प्यावे. औषधे चालू असून पांढऱ्या पेशी घटलेल्या असतील, तर गर्दी व मातीकाम दोन्ही वर्ज्य. आणि त्या दिवसांत ताप 100.4 अंशांवर गेला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांस कळवावे.

माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच आहे. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट 1850 साली येथे आले, तेव्हापासून या डोंगराचा बोलबाला झाला. नेरळहून वर येणारी चिमुकली आगगाडी 1907 साली सुरू झाली. मोटारी दस्तुरी नाक्याशीच थांबतात. रुग्णवाहिकेस तेवढी सवलत आहे. तेथून आम्ही अमन लॉजपासून निघणाऱ्या छोट्या गाडीने गावात पोहोचलो. गाडीतून उतरताच तांबड्या मातीचा वास आला, आणि भोंग्यांवाचूनची ती शांतता प्रथम आमच्या कानांस चमत्कारिकच वाटली.

पहिल्याच सायंकाळी आमच्या हातून चूक झाली. सूर्यास्त चुकू नये म्हणून अक्कास आम्ही घाईघाईने पॉर्क्युपाइन पॉइंटाकडे नेऊ लागलो. अर्ध्या वाटेवर ती एका दगडावर बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाली, "अरे, सूर्य उद्याही मावळेल. मला इथेच बसू दे. आणि माझ्या तोंडाकडे पाहत बसू नकोस, झाडे बघ." आम्ही ओशाळलो. पाऊण तास तेथेच बसून राहिलो. तेव्हाच ती म्हणाली, "दारापाशी तुम्ही जे बोलत होता ना, ते सारे मला ऐकू येत होते." यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवसापासून चाल तिची आणि थांबणेही तिचे, असा नेम ठरला. शार्लट तलावाच्या वाटेवर दाट सावली असते. जांभूळ, हिरडा, पिसा यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या. शंभर पावले चालावे, बसावे, पुन्हा चालावे. पिसरनाथाच्या देवळाशी पोहोचण्यास सकाळ सरली. वाटेत एका झाडापाशी थांबून अक्काने त्याचे चिवट पान निरखले आणि म्हणाली, "ही अंजनी. आजोळच्या देवराईत होती, विसरलास?" आम्ही खरोखरीच विसरलो होतो. मग तिने पुढची झाडे दाखविली, नावे सांगितली, आमची परीक्षाही घेतली. तीत आम्ही सपशेल नापास झालो! ती मनमोकळी हसली. इतक्या महिन्यांत प्रथमच ती रोगी नव्हती, आमची वडील बहीण होती.

परत आल्यावर आम्ही थोडे वाचन केले. रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकांनी 1984 साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण असे की, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते 23 रोगी केवळ विटांची भिंत दिसणाऱ्या 23 जणांपेक्षा लवकर घरी गेले व त्यांस तीव्र वेदनाशामके कमी लागली. आमच्या चरकसंहितेतही रुग्णगृहाच्या सिद्धतेत औषधांबरोबर गाणारे, कथा सांगणारे आणि वासरासह शांत दुभती गाय यांची गणना केलेली आहे. रोग्याच्या भोवती काय असावे, हा विचार जुन्यांसही सुचला होता.

तरीही कोणी भलता अर्थ घेऊ नये. अरण्याने कर्करोग बरा होत नाही. गाठ शस्त्राने, औषधाने व किरणांनीच हटवावी लागते. वनवासाच्या आशेने उपचार लांबविणे म्हणजे आत्मघात होय. झाडांनी अक्कास दिले ते एवढेच : झोप बरी लागली, भूक लागली, आणि कोणी काही न विचारता तिच्या सोबतीस राहिले. ज्यांस माथेरान दूर, त्यांस गावातील बाग किंवा घरामागील आंब्याचा पारही पुरेल. सोबत जाणाऱ्याने मात्र घाई व विचारपूस दोन्ही घरी ठेवून जावे.

निघण्याच्या सकाळी अक्का त्या अंजनीपाशी पुन्हा गेली. म्हणाली, "चैत्रात हिला जांभळ्या फुलांचे घोस लागतात, अगदी फांदीला बिलगून. चैत्रात येऊ." पुढची तपासणी माघात आहे. तीत काय निघेल, हे ईश्वरास ठाऊक. परंतु आजार कळल्यापासून अक्काच्या तोंडून पुढच्या एखाद्या महिन्याचे नाव आम्ही प्रथमच ऐकत होतो. खोल्या आम्ही त्याच वेळी सांगून ठेवल्या.