लाइखहार्टची पितळी पाटी

कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा वाटेतला मुक्काम न् मुक्काम ठरलेला असतो. लुडविग लाइखहार्टपुढं नुसतं अनोळखी रान होतं. हा जर्मन संशोधक सहा सोबत्यांसह ऑस्ट्रेलिया पूर्व-पश्चिम ओलांडायला निघाला. ३ एप्रिल १८४८ चं त्याचं पत्र शेवटचं. माणसं, खेचरं, बैल, सारंच नाहीसं झालं. पुढं पार पश्चिमेकडं, गोरखचिंचेच्या जातीच्या झाडावर, जळक्या बंदुकीला लावलेली त्याच्या नावाची पितळी पाटी सापडली. म्हणजे दोन-तृतीयांश खंड त्यानं तुडवला असावा! केवढी जिद्द! वर्धेच्या काठी बसून मी मात्र त्याच्या दोन आदिवासी सोबत्यांचा विचार करतो: वमाई आणि बिली बॉम्बॅट. त्यांच्या माणसांनी किती वर्षं वाट पाहिली असेल?