तिथी, तारीख आणि तिकीट

रॉबर्ट शूमानच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली म्हणून पूर्व जर्मनीच्या टपाल खात्यानं 1956 साली 10 आणि 20 फेनिगची दोन तिकिटं काढली. चेहरा शूमानचा, मागं स्वरलिपीचं पान. ते पान मात्र निघालं शूबर्टच्या गाण्याचं, गटेच्या कवितेला त्यानं लावलेल्या चालीचं. जुलैत तिकिटं आली, बोभाटा झाला आणि ऑक्टोबरात त्याच किमतीची, त्याच चेहऱ्याची नवी जोडी आली. या खेपेस मागं शूमानचंच ‘मोंडनाख्ट’ होतं.

संगीत हा विषय धरून तिकिटं जमवणाऱ्यांकडे सहसा या दोन्ही जोड्या असतात. चुकीची जोडी दुर्मीळ नाही, नवख्यालाही परवडते. मी चारही तिकिटं एका पानावर लावली आहेत आणि खाली दोन ओळी लिहिल्या आहेत. व्हिएन्नात शूबर्टच्या भावाकडच्या कागदांच्या गठ्ठ्यातून त्याची मोठी सी मेजर सिंफनी शोधून काढली ती शूमाननंच. पुढं मार्च 1839 मध्ये मेंडेल्सननं ती लाइपझिगला पहिल्यांदा वाजवून घेतली. म्हणजे ती चूक ज्याला सर्वांत आधी दिसली असती, त्याच्याच पाठीमागं ती छापली गेली. खात्यानं तारीख अचूक गाठली आणि गाणं चुकवलं.

टपाल खात्याला संगीतकाराची खात्रीनं माहीत असलेली गोष्ट एकच, त्याची तारीख. तिकीट निघतं ते शताब्दीसाठी. संगीत त्यावर नक्षीसारखं येतं. म्हणून एखादं तिकीट हाती आलं की मी आधी चेहरा पाहत नाही, ते कोणत्या दिवशी निघालं ते पाहतो. बरोबरचं माहितीपत्रक आणि प्रथम दिवस आवरणावरचा शिक्का चिमट्यातल्या तिकिटाहून जास्त बोलतात. प्रदर्शनात एका फ्रेमला 16 पानं मिळतात आणि प्रत्येक तिकीट तिथं का आहे हे पानावरच्या लिखाणातून परीक्षकाला पटवावं लागतं. ‘संगीतकार आहे म्हणून’ एवढ्यावर भागत नाही.

बेथोव्हेनचंच पाहा. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे 17 डिसेंबर 1770 ची. जन्माची नोंद नाही. आदल्या दिवशी जन्मला असावा असं धरून चालतात. आपल्या टपाल खात्यानं द्विशताब्दीचं तिकीट काढलं ते 16 डिसेंबर 1970 ला. चरित्रकार जिथं ‘बहुधा’ म्हणून थांबतात, तिथं खात्याला शिक्का मारायचा असतो आणि शिक्क्यावर ‘बहुधा’ लिहिता येत नाही.

आपल्या दोन विष्णूंच्या बाबतीत गंमत निराळी आहे. विष्णु नारायण भातखंडे जन्मले 1860 मध्ये, त्यांचं तिकीट आलं 1961 ला. विष्णु दिगंबर पलुस्कर 1872 चे, तिकीट 1973 चं. दोघंही शंभरीला एक वर्ष उशिरा. बालगंधर्व 1888 चे आणि त्यांचं तिकीट 1988 चं. ते मात्र रंगभूमीचे, वेळ पाळणारच. (या वाक्यावर माझ्याशी भांडायला मोकळीक आहे. त्यांच्या नाटकांना पहाट व्हायची.) भातखंडे आणि पलुस्कर या दोघांनीही आपापली स्वरलेखनपद्धती बांधली, गाणं कागदावर उतरवता यावं म्हणून आयुष्य घातलं. भातखंड्यांनी वकिली बाजूला ठेवून क्रमिक पुस्तकं लिहिली, पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. त्यांच्या चिन्हांत बरंच अंतर आहे, म्हणून मी दोघांना समोरासमोरच्या पानांवर बसवतो.

पलुस्करांचं तिकीट एकटं आलं नाही. बरोबर मायकेल मधुसूदन दत्त होते, मृत्यूची शताब्दी. नॉर्वेचे डॉ. हान्सेन होते, कुष्ठरोगाच्या जंतूच्या शोधाला शंभर वर्षं. आणि कोपर्निकस, जन्माला पाचशे. कुरुंदवाडच्या गवयाला बंगाली कवी, जंतुशास्त्रज्ञ आणि पोलिश खगोलज्ञ हे शेजारी मिळाले ते निव्वळ गणितानं. शुद्ध संगीताचा संग्रह करणारे इथं बाकीची तीन काढून टाकतात. मी चारही ठेवतो. पलुस्करांना देशानं कोणाच्या पंगतीला बसवलं, हीसुद्धा त्यांच्याबद्दलची माहितीच आहे.

पण मला सर्वांत जास्त वेळ बसवून ठेवलं ते त्यागराजांनी. त्यांचं तिकीट 6 जानेवारी 1961 चं; ते गेले 6 जानेवारी 1847 ला. म्हणजे 114 वं वर्ष. शंभर नाही, सव्वाशे नाही, 114 कुठून आलं? उत्तर आपल्याच घरात होतं. एकोणिसाव्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख एकत्र येतात हे आपल्याकडे आजीला कॅलेंडर न उघडता ठाऊक असतं. 114 म्हणजे एकोणीस सक. त्यागराजांची आराधना तिरुवैयारूला होते ती तिथीनं, पुष्य बहुल पंचमीला, आणि 1961 साली ती पंचमी 6 जानेवारीलाच पडली होती. खात्यातल्या कोणी हा हिशेब मांडून केला की आराधनेचा दिवस म्हणून सहज साधला, याचा मला फरक पडत नाही. कावेरीकाठी पंचरत्न कृती गायल्या जातात त्या दिवसाचा शिक्का त्या आवरणावर आहे. स्वरलिपीची एक ओळ न छापता या तिकिटात गाणं आलं आहे, आणि शूमानच्या दोन्ही जोड्यांपेक्षा नीट आलं आहे असं माझं मत.

मग 2014 ची आठ तिकिटं येतात आणि माझी सगळी रीत अडते. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, रविशंकर, अली अकबर खाँ, विलायत खाँ, डी. के. पट्टम्माळ. सगळ्यांना जोडणारी एकही गोल संख्या नाही. तारखेनं लावायला गेलो तर पान म्हणजे नुसती यादी होते. शेवटी ती गुरूंनुसार लावली. गंगूबाई आणि भीमसेन सवाई गंधर्वांचे, म्हणून एकत्र. रविशंकर आणि अली अकबर मैहरच्या अल्लाउद्दीन खाँचे. मन्सूर आणि कुमार यांचे गुरू वेगळे, पण धारवाड-बेळगावच्या मातीनं ते गंगूबाई-भीमसेनांच्या शेजारी बसतात. विलायत खाँ आणि पट्टम्माळ मात्र या आठांतल्या कोणाशीच जुळत नाहीत. त्यांना एकेक स्वतंत्र पान दिलं आहे. फ्रेम त्यामुळं दोन पानांनी वाढते, आणि त्यासाठी अजून एक बेथोव्हेन काढावा लागणार आहे.